मी आज तुझी काकू नाही

काकूंच्या गाडीत मागच्या खिडकीच्या हुकला एक काळा कोट कायम टांगलेला असायचा. ड्रायक्लीनरच्या प्लॅस्टिकसकट. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना त्या कोटाची जी धास्ती होती, ती पोलिसाच्या गाडीचीही नव्हती. पोलीस निदान वेग बघून थांबवतो. काकू तुम्ही उभे असताना थांबवायच्या.

नियम सोपा होता. कोट अंगात असला की त्या वकील. कोट काढला की काकू. मधली अवस्था त्यांना मान्य नव्हती. एका गणपतीत आरती संपल्यावर एका गृहस्थाने त्यांना कोपऱ्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, सहज विचारतोय हं, माझ्या मेव्हण्याचं एक..."

"थांब," काकू म्हणाल्या. हातातला मोदक ताटलीत ठेवला, चपला घातल्या, पार्किंग लॉटमध्ये गेल्या, आणि नारायणपेठ साडीवर तो काळा कोट चढवून परत आल्या. "हं, आता विचार. पण आता ते सहज राहिलं नाही."

तोवर गृहस्थ प्रसादाच्या रांगेत शिरले होते. मेव्हण्याचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. नवरा डॉक्टर, त्याच्यामागून फार पूर्वी इकडे आलेल्या. मुलं कॉलेजात गेल्यावर बायका बागकाम नाहीतर भजनी मंडळ सुरू करतात, काकूंनी लॉ स्कूल सुरू केलं. वकील झाल्या आणि आयुष्यभर एकच काम केलं: नवराबायकोंचे करार. लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे. कुणाचं काय, कुणाचं कर्ज कुणाचं, उद्या वेगळं व्हायची पाळी आली तर कुणी काय घेऊन बाहेर पडायचं. घटस्फोटाला त्या हात लावत नसत. "मी भांडणाआधीची वकील," म्हणायच्या. "भांडणानंतरचे पुष्कळ आहेत, हायवेवर त्यांचे बोर्ड लागलेत."

साखरपुड्याला त्यांना बोलवावं की नाही, हा मंडळात मोठा प्रश्न असे. न बोलवावं तर वाईट दिसतं. बोलवावं तर मुलगा-मुलगी पाया पडायला वाकली, की त्या डोक्यावर हात ठेवून विचारणार, "सुखी राहा. कर्जं सांगितली का एकमेकांना?"

एकदा एका मुलीची आई कळवळून म्हणाली, "काकू, आज शुभ दिवस आहे हो!"

"मग आजच सांगावीत. नंतर शुभ दिवस हुडकावा लागतो."

त्यांचं म्हणणं असं, की लग्नाचा करार या देशात प्रत्येकच जण करतो. काही जण आपला आपण लिहितात. बाकीच्यांचा राज्य सरकारने आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि तो ते पहिल्यांदा वाचतात त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून कोर्टात आलेली असतात. "भाड्याचं घर घेताना सतरांदा वाचता बापा," त्या म्हणायच्या, "आणि इथे माणूस घेऊन राहिले तर ब्राह्मण बोलून राहिला त्यातलं एक अक्षर कळत नाही. नुसत्या अक्षता फेकून राहिले."

मी एकदा विचारलं होतं, "काकू, तुमचा आणि काकांचा करार होता का हो?"

"नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हणून तर." आणि मिक्सर लावला. मिक्सर बंद झाल्यावर पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही. काका तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार नव्हता, पण काच रोज पुसलेली असायची.

करार करायचे त्यांचे स्वतःचे कायदे होते आणि ते सरकारच्या कायद्यापेक्षा कडक होते. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या असतील तर त्या सहीला हात लावू देत नसत. "पत्रिका गेल्या म्हणजे माणूस अडकला. अडकलेल्या माणसाच्या सहीला काय अर्थ?" नवऱ्याची वकील त्या असतील, तर बायकोने दुसरा वकील आणायचा, बायकोची असतील, तर नवऱ्याने. दोघांचं मिळून एकच बघा म्हणणाऱ्याला त्या घराबाहेर काढत. आणि आईवडिलांना तर खोलीत प्रवेशच नव्हता.

यावरून एक बडे डॉक्टर असे काही अडकले होते, की ती गोष्ट मी मंडळाच्या पिकनिकमध्ये अभिनयासकट सांगत असे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलेलं, हॉल घेतलेला, आणि डॉक्टरांनी मुलाच्या वकिलाकडून एक जाडजूड करार करवून घेतलेला. होणारी सून काकूंची अशील. डॉक्टर स्वतः जातीने हजर.

"तुम्ही कोण?" काकूंनी विचारलं. कोट अंगात होता.

"मी मुलाचा बाप."

"लग्न तुम्ही करणार आहात का?"

"म्हणजे? नाही..."

"मग पोर्चवर बसा. चिवडा देते."

जानेवारी महिना. डॉक्टर जाड पार्का जाकीट घालून, हातमोजे घालून, पोर्चवरच्या खुर्चीत चिवड्याची वाटी धरून बसले. हातमोज्यात शेंगदाणा पकडता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. अर्ध्या तासाने त्यांनी काचेवर टकटक केली. "अहो, थंडी वाजतेय!" खिडकी चार बोटं उघडली, त्यातून एक शाल बाहेर आली आणि खिडकी बंद झाली.

त्या दिवशी सही झाली नाही. लग्न अगदी तोंडावर आलंय आणि पोरीने अजून धड वाचलेलंही नाही, असं सांगून काकूंनी कागद परत केले. डॉक्टर ओरडले, विमानाची तिकिटं, केटरर, भटजी, सगळं मोजून दाखवलं. काकूंनी शांतपणे कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आता काकू म्हणून सांगते. आलं घालून चहा केलाय, घ्या. दातांवर दात वाजून राहिले तुमचे."

हे मी सांगायला लागलो की लोक हसून हसून आडवे होत. मलाही वाटे, काय नमुना आहे ही बाई! पोर्चवर बसणाऱ्यांची गंमत बघायला मजा येते. आपण स्वतः कधी तिथे बसणार आहोत, असं कुणाला वाटतं?

काकूंचा माझ्यावर जीव होता. मी त्यांचा प्रिंटर दुरुस्त करत असे. तो प्रिंटर वर्षानुवर्षं मरणपंथाला लागलेला होता आणि मी त्याला दर महिन्याला परत आणत असे. त्याच्या बदल्यात जेवण. गोळाभात, वर हिंगाची फोडणी दिलेलं तेल, सोबत चिंचेचं सार. त्या गोळाभातापुढे माझ्या तोंडाला कुलूप राहत नसे. तसं ते कुठेच राहत नाही. मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे, पिकनिकच्या बसमधला माइक माझ्याकडे. स्वतःच्या फजित्या मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्याने सांगितल्या तर तो खऱ्या सांगेल.

तर आता ही.

गेल्या वर्षी एका सकाळी कंपनीने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. समोर एक अनोळखी मुलगी होती, तिने अतिशय प्रेमळ आवाजात माझ्या योगदानाबद्दल आभार मानले. आभार मानायला लागले की समजावं. कॉल संपायच्या आत माझा पासवर्ड चालेनासा झाला होता.

हे घरी सांगायचं, एवढंच काम होतं. एक वाक्य. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, नवी नोकरी मिळाली की एकदमच सांगू. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. पगार थांबल्याचं कळू नये म्हणून कर्ज काढून खात्यात पैसे भरायचो. तिथे नियतकालिकांच्या कोपऱ्यात आपल्यातलेच आणखी एक गृहस्थ दिसायचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा जुना पट्टा. आम्ही एकमेकांना ओळखत होतो आणि ओळख दाखवत नव्हतो. पुरुषांचा सगळ्यात घट्ट करार तो, आणि त्याला वकील लागला नाही.

माझी बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिची शिफ्ट लवकर सुरू होते. तरी त्याच्याही आधी उठून ती मला डबा करून द्यायची.

इथवरचं कुणाचंही झालं असतं. पुढचं माझ्या एकट्याचं डोकं. मला वाटलं, नोकरी गेली असं सांगण्यापेक्षा नोकरी सोडतोय असं सांगितलं तर? मग मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की आता पुष्कळ झाली गुलामी, स्वतःचा धंदा काढायचा विचार आहे. "पण धंद्यात धोका असतो," मी गंभीरपणे म्हणालो. "उद्या बुडालो तर तुझ्या डोक्यावरचं छप्पर जायला नको. म्हणून राजीनामा द्यायच्या आधी आपण रीतसर करार करू. घर तुझं एकटीचं."

तिने आधी वेड्यात काढलं. "कशाला असलं काहीतरी? आपल्यात कुठे करार लागतो?" मी आग्रह धरला. मला माझाच मोठेपणा इतका आवडला होता, की त्या दिवशी मी आरशासमोर दोनदा जाऊन आलो. रात्री ती तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. "अगं, किती विचार करतो तो," ती सांगत होती. तिचा आवाज भरून आला होता. आणि मी, नोकरीवरून काढलेला माणूस, जिन्यात उभा राहून खूश होत होतो.

लिहिताना इथे हात अडतो, पण झालं ते असंच.

वकील निवडताना मी हुशारी केली. बायकोला म्हटलं, "तू काकूंना घे. आपल्याच आहेत." मनात हिशोब असा, की काकू आपल्याच म्हणजे माझ्याही. माझ्यासाठी मी एक तरुण मुलगी शोधली, इथे एडिसन गावातच जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. मला काका म्हणायची आणि मी काही बोललो की कपाळाला हात लावायची.

पहिल्याच बैठकीत काकूंनी कोटाची बटणं लावली आणि माझ्याकडे वळल्या.

"हे बघ. मी हिची वकील आहे, तुझी नाही. आजपासून करार होईपर्यंत मी तुझी काकू नाही. इथे जेवायला यायचं नाही. फोन करायचा नाही. जे सांगायचं ते तुझ्या वकिलाने सांगायचं. प्रिंटर मेला तर मेला."

मी हसलो. "काकू, इतकं काय..."

"मी विनोद करून राहिले का?"

"काका," माझी वकील म्हणाली, "प्लीज. डोन्ट टॉक टू हर. लाइक, ऍट ऑल."

बायको म्हणाली, "अरे, त्या खरंच सांगतायत."

तिघींनी मिळून सांगितलं. मला ते ऐकूही आलं. पण काकू म्हणजे काकू. इतकी वर्षं जिच्या घरी जेवलो ती बाई एका कोटाने परकी होते, यावर आपला विश्वास बसत नाही. आपल्याकडे नातं म्हणजे असं काही बटण लावून बंद करायची गोष्ट नसते.

सहीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, लायब्ररीत बसून बसून कंटाळा आला. त्यांचा एक स्टीलचा डबा आमच्याकडे राहिला होता, तो परत करायचं निमित्त होतं. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून ओक ट्री रोडवरच्या आपल्या मिठाईवाल्याकडून पेढे घेऊन त्यात भरले आणि दार वाजवलं.

काकूंनी दार उघडलं. सुती साडी, हात पिठाचे, कोट नाही.

"काऊन आला? मी काय सांगितलं होतं?"

"डबा द्यायला."

"ठेव आणि जा."

मी डबा ठेवला. जाणार होतो. पण आतून हिंगाच्या फोडणीचा वास आला आणि माझे पाय दारातच रेंगाळले. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनाही दुसरा एक कायदा मोडवत नव्हता. जेवायच्या वेळी दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"दोन घास खा आणि नीघ," त्या म्हणाल्या. "पण ऐक. तोंड फक्त खायला उघडायचं."

मी बसलो. ताट आलं. त्यांनी स्वतःचं घेतलं. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. पेढा चांगला आहे म्हणाल्या. मग सहज, खरंच सहज, विचारलं, "आज शुक्रवार ना? ऑफिस नाही का रे तुला?"

कुणीही म्हणालं असतं, घरून काम करतोय. लायब्ररीत बसून हेच उत्तर मी रोज पाठ करत असे. पण समोर काकू, ताटात गोळाभात, आणि इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं ते वाक्य. मी म्हणालो, "काकू, तुम्हाला म्हणून सांगतो. कुणाला सांगू नका. नोकरी मी सोडत नाहीये. केव्हाच गेली. मला काढलं."

काकूंचा घास हातातच राहिला. त्यांनी डावा हात वर केला, पोलीस रहदारी थांबवतो तसा. मी थांबलो नाही. आता धरणच फुटलं होतं. लायब्ररी, तो गळ्यात पट्टा घातलेला गृहस्थ, धंद्याचा बनाव, सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना अधूनमधून विनोदही केले. त्या हसत नव्हत्या ते माझ्या लक्षात आलं तेव्हा गोष्ट संपली होती.

"काय सांगून राहिला तू मला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला कळतं का तू कोणाला सांगितलंस हे?"

"तुम्हाला. काकूंना."

"तुझ्या बायकोच्या वकिलाला."

"पण कोट कुठे होता तुमच्या अंगात!" मी खरोखर हे वाक्य बोललो. पन्नाशीचा माणूस.

"कोट मी माझ्यासाठी घालते. तो काढला म्हणून वकिलाचे कान गळून पडत नाहीत."

त्यांनी उष्ट्या हाताने, करंगळीने, फोनचं बटण दाबलं आणि माझ्या वकिलाला लावला. स्पीकरवर. "तुझा अशील माझ्या डायनिंग टेबलवर बसलाय. मी न विचारता त्याने मला काही सांगितलंय. ते आमच्या विषयातलं आहे."

पलीकडून आवाज आला, "काका, आर यू ईटिंग?"

"हो."

"ओ माय गॉड."

फोन ठेवल्यावर काकू माझ्याशी पुन्हा या विषयावर एकच गोष्ट बोलल्या, आणि तीही माझ्या वकिलाच्या परवानगीने. "उद्या सकाळी तुम्ही दोघं येणार. त्याच्या आत तू तिला सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल. मी तिची आहे."

मी उठायला लागलो. त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं. "संपव. अन्न टाकायचं नाही."

ते ताट मी त्यांच्या देखत संपवलं. त्या गोळाभाताची चव मला अजून आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगायला म्हणून किती वेळा तोंड उघडलं असेल! पहिल्यांदा ती धुतलेले कपडे घडी करत होती. मी म्हणालो, "ऐक ना." ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "नळ गळतोय, दुरुस्त करतो." नळ दुरुस्त केला. मग गॅरेज आवरलं. दोन वर्षं पडलेला पंखा पुसला. ती म्हणाली, "आज काय अंगात आलंय तुझ्या?" आणि पुढे म्हणाली, "उद्या सही झाली की ओक ट्री रोडवर जेवू. तू एवढं करतोयस माझ्यासाठी." यावर माणूस काय सांगणार? मी म्हटलं, "हो, जेवू."

सकाळी काकू कोट घालून दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी पायपुसण्याकडे बघितलं. त्यांना कळलं. बायकोच्या पाठीवर हात ठेवून त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

बाहेर मी आणि माझी वकील.

"काका, डिडन्ट यू टेल हर?"

"वेळ नाही मिळाला."

"यू लिव्ह टुगेदर!"

मी उठून पोर्चवर गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. आतल्या दाराकडे बघत बसणं जमेना, म्हणून. खुर्चीत बसलो. चिवडा कुणी दिला नाही आणि त्या डॉक्टरांची मी किती वेळा नक्कल केली होती ते एकेक करून आठवत राहिलं.

दार उघडलं ते बायकोने. ती रडलेली नव्हती, ते जास्त वाईट होतं. समोर उभी राहून तिने विचारलं, "डबा कुठे बसून खात होतास?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. "गाडीत. पार्किंगमध्ये."

"थंडीत?"

"हीटर लावून."

"मी पाचला उठून करत होते," ती म्हणाली. "तुला मीटिंगमध्ये वेळ मिळत नाही म्हणून पोळीचे रोल करून देत होते."

मला जमीन दुभंगायला हवी होती, पण न्यू जर्सीत पोर्च लाकडी असतात. मी आत गेलो, टेबलाजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "आणा कागद. कुठे करायची सही? घर, गाडी, सगळं हिच्या नावावर करा. मला काही नको."

काकूंनी चष्मा लावला. सहीआधी विचारायचा त्यांचा प्रश्न असे, तो त्यांनी विचारला. "हे तू स्वखुशीने करतोयस? तुझ्यावर कुणाचा दबाव आहे?"

"नाही. स्वखुशीने."

"थांबा काकू," बायको म्हणाली. "त्याला आज विचारू नका. आज तो कशालाही हो म्हणेल."

हे खरं तर माझ्या वकिलाने म्हणायचं होतं.

काकूंनी चष्म्यावरून आपल्या अशिलाकडे बघितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आज घेतलेली सही कोर्टात टिकायची नाही."

"मी कोर्टासाठी नाही म्हणत," बायको म्हणाली.

काकूंनी पेनला टोपण लावलं.

करार पुढे झाला, वसंतात, मला एका लहानशा कंपनीत नोकरी मिळाल्यावर. घर तिच्या एकटीचं नाही, दोघांचंच आहे. मी त्या काळात काढलेली कर्जं मात्र माझ्या एकट्याची. दोघांनी दोन आठवडे घेऊन, वेगवेगळं बसून वाचला. बायकोला त्यात एक कलम हवं होतं: काही झालं तर त्याने त्याच दिवशी घरी सांगायचं. काकूंनी ते लिहायला नकार दिला. "असली कलमं कोर्ट विचारत नाही. ते तुम्ही घरी सांभाळा." आता काकू टेक्ससमध्ये, अर्विंगला, मुलीकडे राहायला गेल्यात. पायाचं ऑपरेशन झालं, एकटीने राहणं जमेना. फोन केला की आधी विचारतात, "काय चाललंय?" आणि मी सांगायला लागलो की, "तिला सांगितलं का हे?"

पण मला आठवते ती त्या शनिवारची दुपार. निघताना काकू गाडीपर्यंत आल्या. किल्ली त्यांनी माझ्या हातातून काढून बायकोला दिली. मग खिडकीशी वाकून मला म्हणाल्या, "ऐक. तिला कळलंय ते माझ्याकडून. तुझ्याकडून अजून कळायचंय. ते आणि हे एक नाही."

बायको गाडी चालवत होती. ओक ट्री रोडवर शनिवारची गर्दी, साड्यांच्या दुकानांपुढे डबल पार्किंग. जेवायला थांबायचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. सिग्नलला गाडी थांबली.

"सांग," ती समोर बघत म्हणाली.

"तुला सगळं माहीतच आहे की आता."

"सांग. आणि गंमत करून सांगू नकोस."

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला सुरुवात सापडेना. त्या प्रेमळ आवाजाच्या मुलीपासून करावी, पासवर्डपासून करावी. प्रत्येक सुरुवातीत कुठेतरी हशा दडलेला होता. सिग्नल हिरवा झाला. ती हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला, त्याच्या मागच्याने दिला. कुणीतरी काच खाली करून ओरडलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाय ब्रेकवर.

"मला नोकरीवरून काढलं," मी म्हणालो. "आणि मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिने ब्रेकवरचा पाय उचलला.